मसावि म्हणा, अपवर्तन म्हणा

‘मसावि’ हा शब्द कानावर पडला की पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाला दोनपैकी एक गोष्ट आठवते. फळ्यावर उभी रेघ ओढून एकामागून एक भाग लावत जाणारे गुरुजी, नाहीतर त्या रेघेच्या शेवटी न सुटलेले उदाहरण. शब्द तसा उघडा आहे. महत्तम साधारण विभाजक, या तिन्ही शब्दांची पहिली अक्षरे. हल्लीच्या पुस्तकांत ‘साधारण’च्या जागी ‘सामाईक’ आले, पण आद्याक्षर तेच असल्यामुळे मसावि बिचारा वाचला.

आपल्या नातवंडांपर्यंत मात्र तो पोचलाच असे नाही. आमच्या बेळगावात कन्नड शाळेतले मूल ‘मसाअ’ म्हणते, म्हणजे महत्तम सामान्य अपवर्तन. इंदूर-ग्वाल्हेरकडचे मूल ‘महत्तम समापवर्तक’ शिकते. बडोद्याला ‘गुसाअ’, म्हणजे गुरुतम सामान्य अवयव. हैदराबादेत तेलुगू शाळेत ‘गसाभा’, गरिष्ठ सामान्य भाजकम्. आणि इंग्रजी माध्यमात गेलेले मूल सगळीकडे ‘एचसीएफ’ म्हणते. आजोबा मसावि विचारतात, नातू म्हणतो ‘आम्हांला ते नाही, एचसीएफ आहे’, आणि दोघांनाही वाटते की समोरचा काहीतरी वेगळेच बोलतो आहे. तिथून गृहपाठाची वही शिकवणीच्या बाईंकडे जाते ती परत आजोबांकडे येत नाही.

माझ्या दवाखान्यात परीक्षेच्या दिवसांत पोटदुखीची मुले येतात. त्यातल्या पुष्कळांची पोटदुखी गणिताच्या पेपरच्या सकाळी सुरू होते आणि दुपारी थांबते. अशा मुलाला गोळ्यांइतकीच घरात शेजारी बसणाऱ्या माणसाचीही गरज असते. पाचवी-सहावीचे विभाजक हे अंकगणितातले असे ठिकाण आहे, की जिथे चौथी शिकलेली आजीसुद्धा नातवाच्या शेजारी बसू शकते. तिला पाढे येतात. नातवाला बहुधा येत नाहीत. म्हणून हा विषय मी यंदा निवडला. आपल्याला येत असलेलेच आहे. फक्त धूळ झटकायची आहे.

आधी विभाजक. एखाद्या संख्येला जिने निःशेष भाग जातो, बाकी शून्य उरते, ती तिची विभाजक. तिलाच अवयव असेही म्हणतात, पण मी इथे विभाजकच म्हणतो. डॉक्टरला अवयव म्हटले की यकृत-प्लीहा आठवतात. ३६ चे विभाजक काढा म्हटले की मुले १, २, ३ म्हणत भागत सुटतात आणि मध्येच एखादा विसरतात. त्यांना जोड्या लावायला शिकवावे. १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, ६ आणि ६. एक विभाजक सापडला की त्याचा जोडीदार फुकट मिळतो. आणि थांबायचे कुठे? जिथे जोडीतल्या दोन्ही संख्या एकमेकींना भेटतात तिथे. ३६ चे वर्गमूळ ६. सहाच्या पुढे कोणताही विभाजक असला तरी त्याचा जोडीदार सहाच्या अलीकडेच असणार, आणि अलीकडचे तर आपण सगळे तपासले. म्हणून १०० चे विभाजक शोधताना १० च्या पुढे जायचे कारण नाही, आणि १०,००० चे शोधताना १०० च्या पुढे नाही. ही एक गोष्ट मुलाला नीट उमगली की निम्मी भीती जाते, कारण ‘अजून किती वेळ भागत बसायचे’ या प्रश्नाला उत्तर मिळते.

३६ चे विभाजक नऊ आले, विषम. कारण ६ चा जोडीदार स्वतः ६ च आहे, त्याला एकदाच मोजायचे. ज्या संख्येचे विभाजक विषम निघतात ती पूर्ण वर्गच असते, दुसरी कोणतीही नाही.

आता जुन्या पैशांकडे वळू, कारण विभाजकांचे महत्त्व आपल्या वाडवडिलांना पुस्तकातून नव्हे तर कनवटीतून कळले होते. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा. आणा चार पैशांचा आणि बारा पैंचा. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. या १९२ चे विभाजक मांडा: १ आणि १९२, २ आणि ९६, ३ आणि ६४, ४ आणि ४८, ६ आणि ३२, ८ आणि २४, १२ आणि १६. चौदा झाले. शंभर नव्या पैशांचे विभाजक मात्र नऊच: १, २, ४, ५, १०, २०, २५, ५०, १००. तिघा भावांत एक रुपया वाटायचा असेल तर जुन्या हिशेबात प्रत्येकाला पाच आणे चार पै, कुणाचीही कुरकुर नाही. नव्या रुपयाचे ३३ पैसे करून एक पैसा उरतो. सोन्याच्या तोळ्याचेही तसेच. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा, आणि ९६ चे विभाजक बारा. दोघांत, तिघांत, चौघांत, सहा जणांत, आठ जणांत, बारा जणांत तोळा गुंजेपर्यंत बिनबाकी वाटता येतो. दशमान पद्धत लिहायला आणि बेरजेला सोपी आहे, हे मी नाकारत नाही. पण वाटणीला जुनी मापे अधिक सोयीची होती, आणि ती सोय विभाजकांची होती. आपल्याकडे पावकी-निमकीचे पाढे घोकून घेत, ते याच सोळा आण्यांच्या दुनियेत कामाला येत.

विभाजक किती आहेत हे ते सगळे न मांडताही सांगता येते. त्यासाठी संख्या मूळ संख्यांत फोडायची. मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः याखेरीज विभाजक नाही: २, ३, ५, ७, ११, १३ अशा. १९२ म्हणजे सहा वेळा २ आणि एकदा ३ यांचा गुणाकार. विभाजक तयार करताना यातले दोन किती घ्यायचे? एकही नाही, एक, दोन, असे सहापर्यंत, म्हणजे सात पर्याय. तीन घ्यायचा की नाही, हे दोन पर्याय. सात दुणे चौदा. १०० म्हणजे दोन वेळा २ आणि दोन वेळा ५. तीन पर्याय गुणिले तीन पर्याय, नऊ. शाळेत हे ‘घातांकात एक मिळवा आणि गुणा’ असे सूत्र म्हणून येते, आणि एक का मिळवायचा हे सांगायचे राहून जाते. तो एक म्हणजे ‘एकही न घेण्याचा’ पर्याय.

फोडायला कसोट्या लागतात. २, ५, १० च्या कसोट्या सगळ्यांना माहीत असतात. ३ आणि ९ ची कसोटीही पाठ असते: अंकांची बेरीज करा. ती का लागू पडते ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ते अगदी सोपे आहे. दहा म्हणजे ९ अधिक १. शंभर म्हणजे ९९ अधिक १. हजार म्हणजे ९९९ अधिक १. आता ४७२५ घ्या. चार हजारांतून चार वेळा ९९९ बाजूला काढा, उरले ४. सातशेतून सात वेळा ९९ काढा, उरले ७. विसातून दोन वेळा ९ काढा, उरले २. एकं ५ तसेच. जे बाजूला काढले त्या सगळ्याला ९ ने भाग जातोच. उरले ४, ७, २ आणि ५. त्यांची बेरीज १८, तिलाही ९ ने भाग जातो. म्हणून सबंध ४७२५ ला जातो. एवढे एकदा समजले की कसोटी पाठ करावी लागत नाही.

सातची कसोटी नाही असे आम्हांला शाळेत सांगत. ती आहे, फक्त मोठ्या संख्यांसाठी आहे. १००१ ही संख्या म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एकाआड एक वजा-अधिक करायचे. ६१७४ चे गट ६ आणि १७४; १७४ वजा ६ म्हणजे १६८, त्याला सातने भाग जातो (सात चोवीस अडुसष्टाशे), म्हणून ६१७४ लाही जातो. हीच युक्ती ११ आणि १३ लाही चालते.

आता मुख्य विषय. दोन संख्यांचे विभाजक वेगवेगळे मांडले आणि दोन्ही यादींत येणारे निवडले तर ते झाले सामाईक विभाजक. त्यांतला सर्वांत मोठा तो मसावि. इथे मुलांची एक गफलत फार होते, आणि तिला मुलांपेक्षा नावच अधिक जबाबदार आहे. ‘महत्तम’ म्हटले की मोठी संख्या येईल असे वाटते आणि ‘लघुतम’ म्हटले की छोटी. येते उलटे. मसावि दिलेल्या संख्यांपेक्षा मोठा कधीच नसतो, आणि लसावि, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, त्यांच्यापेक्षा लहान कधीच नसतो. महत्तम हे विशेषण विभाजकांच्या घरातले आहे, आणि विभाजक मुळातच लहान. उत्तर लिहून झाल्यावर एवढे पाहायला मुलाला सांगावे. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

मसावि कशासाठी काढायचा? आपल्या सर्वांच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते किंवा होती. समजा, खोली १५ फूट लांब आणि ११ फूट ८ इंच रुंद आहे. इंचांत १८० आणि १४०. सारख्या चौरस फरश्या बसवायच्या, एकही कापायची नाही, आणि फरशी होईल तेवढी मोठी हवी. फरशीच्या बाजूने १८० लाही भाग गेला पाहिजे आणि १४० लाही. म्हणजे १८० आणि १४० यांचा मसावि हवा.

शाळेची नेहमीची रीत मूळ अवयवांची. १८० म्हणजे २, २, ३, ३, ५. १४० म्हणजे २, २, ५, ७. दोन्हींत सामाईक २, २ आणि ५, गुणाकार २०. वीस इंची फरशी, लांबीत नऊ, रुंदीत सात, एकूण ६३. उत्तर बरोबर आहे.

दुसरी रीत गवंडी फळीशिवाय, कागदाशिवाय करू शकेल. खोलीत आधी सगळ्यांत मोठा चौरस आखा, १४० बाय १४०. लांबीत ४० इंचांची पट्टी उरली, ४० बाय १४०. त्या पट्टीत ४० चे तीन चौरस बसतात, १२० झाले. उरले ४० बाय २०. त्यात २० चे दोन चौरस नेमके बसतात, काही उरत नाही. शेवटचा चौरस २० चा, तोच मसावि. अंकांत लिहायचे तर १८० ला १४० ने भागा, बाकी ४०. १४० ला ४० ने भागा, बाकी २०. ४० ला २० ने भागा, बाकी शून्य. शेवटच्या ज्या भाजकाने बाकी शून्य झाली तो मसावि. भाजक पुढच्या पायरीत भाज्य होतो आणि बाकी भाजक होते, एवढेच ध्यानात ठेवायचे.

ही रीत का चालते? जी काठी १८० इंचांची लांबी नेमकी मोजते आणि १४० चीही नेमकी मोजते, ती त्यांच्यातला फरक, म्हणजे ४०, नेमका मोजणारच. उलट, जी काठी १४० आणि ४० मोजते ती त्यांची बेरीज १८० मोजणारच. म्हणजे (१८०, १४०) या जोडीचे जे सामाईक विभाजक, तेच (१४०, ४०) या जोडीचे. संख्या लहान होत जातात, मसावि बदलत नाही. शेवटी इतक्या लहान होतात की उत्तर डोळ्यांपुढे येते.

ही रीत युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या खंडात आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची. आपल्याकडे ती कुट्टकाच्या गणिताचा पाया म्हणून येते, आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये कुट्टक सांगितला आहे. आणि भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, ११५० मध्ये, ती स्वच्छ शब्दांत मांडली आहे. दोन संख्यांना परस्परांनी भागत गेल्यावर शेवटी जे उरते त्याला ते अपवर्तन म्हणतात, आणि अपवर्तनाने भागून झालेल्या संख्यांना ‘दृढ’ म्हणतात. १८० आणि १४० चे दृढ रूप ९ आणि ७. यांना आता सामाईक असे १ खेरीज काही नाही. शाळेच्या भाषेत त्या सहमूळ. सहमूळ होण्यासाठी प्रत्येक संख्या मूळ असण्याची गरज नसते, जसे इथे ९ नाही. ८ आणि १५ यांत तर दोन्हीही मूळ नाहीत, तरी त्या सहमूळ आहेत.

आता वर उल्लेखलेला कन्नड शब्द पुन्हा पाहा: महत्तम सामान्य अपवर्तन. हिंदीतला समापवर्तक पाहा. तो भास्कराचार्यांचाच शब्द आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची नोंद आहे. तो लेख १२०७ चा. त्या मठाच्या मुलखातल्या भाषेने ‘विभाजक’ घेतला आणि शेजारच्यांनी ‘अपवर्तन’ ठेवला. नातवाच्या कन्नड पुस्तकातला शब्द परका वाटत असेल तर त्याला हे सांगता येईल.

माझे स्वतःचे मत असे, की भागाकाराची रीत आधी शिकवावी आणि मूळ अवयवांची नंतर. शाळा उलट करतात. अवयवांची रीत लहान संख्यांना सुटसुटीत दिसते म्हणून. पण संख्या थोडी मोठी झाली की ती दगा देते. त्याचे उदाहरण पुढे येते.

त्याआधी एका ग्रंथाचे सांगतो, कारण आमच्या घरांत ‘महावीर’ हे नाव रोज येते पण या महावीराचार्यांची आठवण क्वचितच निघते. इ.स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचे मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यात; आपली शहाबादी फरशी ज्या शहाबादेवरून नाव घेते तेही त्याच जिल्ह्यात. ग्रंथ केवळ अंकगणित आणि भूमितीचा आहे, त्यात ज्योतिष नाही, ही त्या काळात नवलाची गोष्ट. मद्रासला १९१२ मध्ये रंगाचार्यांनी तो इंग्रजी अनुवादासह छापला, आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत हिंदी अनुवादासह निघाला.

त्यात अपूर्णांकांच्या बेरजेसाठी ‘निरुद्ध’ नावाची संख्या सांगितली आहे. छेदांचे सामाईक अवयव आणि भागून उरलेल्या संख्या यांचा गुणाकार म्हणजे निरुद्ध. तोच आपला लसावि. उपयोग असा. एक बारांश, एक अठरांश आणि एक तिसांश यांची बेरीज करायची. तिन्ही छेदांचा सरळ गुणाकार केला तर ६४८० येतात, आणि त्या छेदावर बेरीज करून पुन्हा संक्षेप देत बसावे लागते. निरुद्ध घेतला तर छेद १८०. बारांशाचे १५, अठरांशाचे १०, तिसांशाचे ६. बेरीज ३१, उत्तर एकशेऐंशी छेद आणि ३१ अंश. वारसांच्या हिश्श्यांचे हिशेब ज्यांनी केले आहेत त्यांना ६४८० आणि १८० यांतला फरक समजावून सांगायला नको.

दोन संख्यांच्या बाबतीत मसावि आणि लसावि यांचा गुणाकार त्या दोन संख्यांच्या गुणाकाराएवढा असतो. १८० गुणिले १४० म्हणजे २५,२००; त्याला २० ने भागा, १२६०, हा लसावि. हे सूत्र तीन संख्यांना लावू नका. ४, ६ आणि १० यांचा मसावि २, लसावि ६०, गुणाकार १२०. संख्यांचा गुणाकार मात्र २४०. इथे शिकवणीच्या वह्यांतही चूक पाहिली आहे.

मसाविचा मला सर्वांत आवडणारा उपयोग मात्र ‘नाही’ म्हणण्याचा आहे. दोन मापे आहेत, एक १२ मिलिलिटरचे आणि एक २० चे. त्यांवर दुसरी कोणतीही खूण नाही. भरायचे, ओतायचे, एकातून दुसऱ्यात घालायचे, हवे तेवढ्या वेळा. यातून नेमके १० मिलिलिटर मोजता येईल का? प्रयत्न करत बसू नका. १२ आणि २० चा मसावि ४. कितीही बेरजा-वजाबाक्या केल्या तरी येणारे माप ४ च्या पाढ्यातलेच असणार, आणि १० त्यात नाही. उलट मापे ५ आणि ८ ची असती तर त्यांचा मसावि १ असल्यामुळे एक मिलिलिटरसुद्धा मोजता येईल: पाचचे पाच वेळा भरून २५, त्यातून आठचे तीन वेळा काढून २४, उरला १. लीलावतीत कुट्टकाच्या आरंभी हीच अट आहे. भाज्य आणि हार यांना ज्याने भाग जातो त्याने क्षेपाला जात नसेल, तर तो प्रश्नच ‘दुष्ट’, म्हणजे सदोष, असे भास्कराचार्य म्हणतात. सोडवणारा चुकलेला नाही, विचारणाऱ्याने चुकीचे विचारले आहे. उत्तर न येण्याचा दोष नेहमी स्वतःकडे घेणाऱ्या मुलांना हे वाक्य औषधासारखे लागू पडते.

आता ते मोठ्या संख्यांचे उदाहरण. ८०५१ आणि ८६३३ यांचा मसावि काढा. अवयवांच्या रीतीने जाल तर ८०५१ ला २ ने जात नाही, ३ ने नाही, ५, ७, ११, १३ ने नाही, आणि असे करत करत तेविसाव्या मूळ संख्येला, ८३ ला, पहिला भाग जातो. ८६३३ ची तीच गत, तिला ८९ पर्यंत जावे लागते. भागाकाराच्या रीतीने पाहा. ८६३३ ला ८०५१ ने, बाकी ५८२. ८०५१ ला ५८२ ने, बाकी ४८५. ५८२ ला ४८५ ने, बाकी ९७. ४८५ ला ९७ ने, पाच वेळा नेमका. मसावि ९७. चार भागाकार. आणि मसावि हाती आला की फोड आपोआप झाली: ८०५१ म्हणजे ८३ गुणिले ९७, ८६३३ म्हणजे ८९ गुणिले ९७.

एकट्या ८०५१ ला फोडायचे असते तर नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’तली युक्ती चालली असती. १३५६ च्या या ग्रंथात विभाजक शोधण्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. संख्येत एखादा वर्ग मिळवून पूर्ण वर्ग होतो का पाहायचे. ८०५१ मध्ये ४९ मिळवले की ८१००, म्हणजे ९० चा वर्ग. मग संख्या म्हणजे ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग, आणि अवयव ९० वजा ७ व ९० अधिक ७. ८६३३ मध्ये १६ मिळवून ८६४९, ९३ चा वर्ग. अवयव ८९ आणि ९७. युरोपात हीच युक्ती सतराव्या शतकात फर्माच्या नावाने ओळखली गेली. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ती झटपट चालते, हे लक्षात असू द्यावे.

एवढ्या मोठ्या संख्या घेऊन कोण बसतो, असे आपण म्हणाल. आपला मोबाइल बसतो. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेशांची जी पद्धत शोधली, तिचे कुलूप म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. गुणाकार सर्वांना जाहीर असतो. तो फोडता आला तरच कुलूप उघडते. आज नेहमी वापरात असलेली अशी संख्या ६१७ अंकी असते, आणि ती फोडण्याची व्यवहार्य रीत आजच्या संगणकांपाशी नाही. पण दोन संख्यांचा मसावि काढणे, त्या ६१७ अंकी असल्या तरी, संगणकाला डोळ्याचे पाते लवण्याइतकेच काम. फोडणे अवघड, मसावि सोपा.

२०१२ मध्ये संशोधकांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी इंटरनेटवर जाहीर असलेली अशी लाखो कुलपे गोळा केली आणि एकही न फोडता त्यांचे फक्त आपापसांत मसावि काढले. बहुतेक ठिकाणी १ आला, यायला हवा तसा. पण हजारो ठिकाणी आला नाही. वर ८०५१ आणि ८६३३ मध्ये जसा ९७ सामाईक निघाला, तशी दोन कुलपांत एक मूळ संख्या सामाईक निघाली, आणि दोन्ही उघडली. एका गटाच्या मोजणीत हे प्रमाण हजारी दोन होते. कारण असे, की राउटरसारखी छोटी उपकरणे चालू होताच मूळ संख्या निवडतात, आणि त्या क्षणी त्यांच्याजवळ पुरेशी यादृच्छिकता नसते. दोन उपकरणे नकळत तीच संख्या उचलतात. उपकरणे बनवणाऱ्यांना हे कळवले गेले. पद्धत युक्लिडची, आर्यभटाची.

नातवाबरोबर बसायचे तर आरंभाला एक जोडी सुचवतो. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची ६१७४ ही संख्या प्रसिद्ध आहे: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, तेच पुन्हा पुन्हा करा, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. मधे एखादी वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे शून्य लावून चार अंक करायचे. रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली १७२९ आपल्याला ठाऊकच आहे. या दोघींचा मसावि काढायला सांगा, आणि वहीच्या एका पानावर त्याला मूळ अवयवांच्या रीतीने करू द्या, दुसऱ्या पानावर आपण भागाकाराने करा. बाक्या ९८७, ७४२, २४५, ७ अशा येतील आणि पाचव्या भागाकाराला शून्य. त्याच्या पानावर ६१७४ मध्ये सात तीन वेळा निघेल आणि १७२९ मध्ये एकदाच.